थेंब थांबतो का

डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली, उकळून घेतलेली,
आत नळाचं पाणी.
खरं तर एवढंच लागतं. बाकीची जड पेटी मी
चार जिने उगाच चढवतो,
गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून.

वास्को, मांगोर हिल.
एर्मेलिंदा कुलासो दार उघडते
आणि आधी माझ्या चपलांकडे बघते.
बंदरातला कोळसा पायपुसण्यापर्यंत आलेलाच असतो.
सकाळी पुसलेल्या खिडकीवर
दुपारी बोटाने नाव लिहिता येतं इथे.

गालिचा डाळिंबी, काठाला निळ्या वेली,
हॉल भरून उरलेला.
बंदर अब्बासचा, ती सांगते. नवरा तेव्हा
जहाजावर सेकंड कूक.
दुकानदार म्हणाला होता, कॅप्टनसाहेब,
(सेकंड कूकला!)
यावर चहा सांडा, वाइन सांडा,
टिपली की गेली, वर औषधाचा हात आहे.
अकरा वर्षं झाली.
खरं-खोटं कळायला कुणी काही सांडायला हवं ना.

आता शनिवारी मुलीचा रोस.
नारळाचा रस डोक्यावरून ओततील, खोबरेल चोळतील,
मावश्या आहेत सात, एकीचाही हात आखडता नाही.
पूर्वी हे अंगणात व्हायचं.
चौथ्या मजल्याला अंगण कुठून आणू?
गुंडाळून ठेवू, की राहू दे? तेवढं सांगा.

सोफा सरकवला. खाली एक जुनं नाणं, केसांची पिन.
पहिला थेंब टाकला
आणि गुडघ्यावर बसून वाट बघितली.
थांबला. गोल, फुगलेला,
त्यात उलटी बाल्कनी.

अळवावरचं पाणी म्हणजे न टिकणारं,
असं आम्हाला पेडण्याच्या शाळेत शिकवलेलं.
माझ्या धंद्यात उलटा अर्थ निघाला.
थेंब जीव धरून उभा राहिला, तरच वस्तू टिकायची.

मग तिच्या स्वयंपाकघरातलं खोबरेल, काडीच्या टोकावर.
पाण्याला थोपवणारी स्वस्त औषधं पुष्कळ आहेत,
तेल बरोबर चोरवाट काढतं.
तेही थांबलं.
दुकानदार खोटं बोलला नव्हता, म्हटलं.
ती हसली नाही, पण खुर्चीवर बसली.

मी पुढे सरकत गेलो, हातभर अंतराने एकेक थेंब.
इथे उभा. इथे उभा.
इथे
एक, दोन म्हणायच्या आत
धाग्यांनी पिऊन टाकला.

पुन्हा टाकला. पुन्हा गेला.
मुरला तिथे वर्तमानपत्राचा कपटा ठेवत गेलो
आणि मागे होऊन बघितलं, तर
कपट्यांची एक वाट, दीड वितीची.
दाराकडून स्वयंपाकघराकडे नाही,
जिथे असायला हवी होती.
झोपायच्या खोलीतून निघालेली, तिरपी,
बाल्कनीच्या कठड्याशी संपणारी.
पलीकडे समुद्र, नांगर टाकून उभी जहाजं.

“कितें जालें?”
औषध पावलांनी झिजतं, मी म्हटलं. डाग पडून नाही,
नुसत्या येण्याजाण्याने.
तिने कपट्यांवरून नजर फिरवली,
हिशेबाची वही बघावी तशी.
“तिथेच रेंज येते,” म्हणाली.

मी पुढे काही विचारलं नाही.
चौरस फुटाचा दर सांगितला, वाळायला एक दिवस.
वाटेवर नव्याने मारावं लागेल, बाकी ठीक.
“शनिवारनंतर बघू. खुर्ची कुठे ठेवू, सांगा.”
सोफ्याच्या जागी ठेवा, म्हटलं.
तिथे कुणाचा पायच पडला नाही.

पावतीवर लिहिलं: संरक्षण आहे, सगळीकडे नाही.
दोनशे रुपये.
कपटे तिने मला गोळा करू दिले नाहीत,
राहू देत, मी काढते.

खाली येऊन स्कूटरला किक मारली, तेव्हा आठवलं,
पहिला थेंब टिपायचा राहिला.
पंखा बंद होता.
असेल अजून, तसाच, उभा.